उखर्डू भोयानं बुडवलेलं कासव

तापीवर पूल नव्हता आणि पैलतीराला जायचं तर भोयाची नाव हीच एक वाट होती, त्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी. मोठ्यांनी तर ऐकावीच, कारण हिच्यात चुकलंय ते मोठ्यांचं.

आमच्या नांदोरघाटावर तेव्हा उखर्डू नावाचा भोई होता. नाव चालवायचा, जाळं टाकायचा आणि डोहातली कासवं ओळखायचा. असं म्हणतात, डोळ्यांवर फडकं बांधून कुठलंही कासव त्याच्या हाती दिलं तरी पाठीवरून बोटं फिरवून तो सांगायचा, हे वरच्या डोहातलं, हे कपारीतलं, ही मादी, ही अंडी घालून आलीय. कधी चुकला नाही. आणि चुकत नाही हे त्याला फार लवकर कळलं होतं. घाटावर बसून तो म्हणायचा, "कासवाचं मला कुणी काही सांगू नये." लोक हसून माना डोलवायचे. तिथूनच सगळं सुरू झालं.

दर साली पावसाळा सरला की काठेवाडी लोक गायी घेऊन आमच्या बाजूला यायचे. त्या वर्षी त्यांच्यात लाखीमा नावाची एक म्हातारी होती. नदीला अजून ओढ होती. मधोमध नाव कलली आणि लाखीमा पाण्यात गेली. उखर्डूनं वल्हं टाकून उडी मारली. असं म्हणतात, तो इतका वेळ पाण्याखाली होता की काठावरच्या बायकांनी रडायला सुरुवात केली. मग वर आला तो म्हातारीला खांद्यावर घेऊनच.

लाखीमानं अंगावरचं पाणी निथळू दिलं आणि तळावर जाऊन गवताची एक टोपली आणली. टोपलीत दोन कासवं होती. आमच्याकडं कुणी तसली पाहिली नव्हती. पाठ मातीच्या घुमटासारखी उंच, काळी, आणि तिच्यावर पिवळ्या चांदण्या, जणू कुणी काडीनं रेखून काढलेल्या. लाखीमानं जोडीतलं एक उचललं आणि उखर्डूच्या ओंजळीत ठेवलं.

"माझ्याकडं याच्याहून मोठं काही नाही, भाई," ती म्हणाली. "पण हा डुंगरचा काचबो. डोंगरातलं कासव आहे. याला पाण्यात घालू नको हां."

घाटावर गाव जमलं होतं. उखर्डू हसला. "माय, तू मला कासव शिकवतेस?"

लोकही हसले. म्हातारी आणखी काही सांगणार होती, पण हसण्यात तिचं बोलणं राहून गेलं.

त्याच महिन्यात गावात नवी विहीर बांधून झाली होती. विहिरीत कासव सोडलं की पाणी स्वच्छ राहतं, म्हणून नव्या विहिरीत कासव सोडायची रीत होती. लोकांना वाटलं, पाठीवर चांदण्या असलेलं कासव आपल्याच विहिरीसाठी चालून आलं. ते उखर्डूकडं आले. त्यानं कासव उचललं, पाठीवरून बोटं फिरवली, आणि असं म्हणतात की त्याची बोटं क्षणभर थबकली. पाय त्यानं पाहिले होते. नदीच्या कासवाच्या बोटांमध्ये पातळ कातडं असतं, वल्ह्यासारखं. याचे पाय उभे, गोल, हत्तीच्या पिलाच्या पायांसारखे होते. ते त्याला दिसलं होतं. पण सगळं गाव त्याच्या तोंडाकडं बघत होतं, आणि मला माहीत नाही असं म्हणायची त्याला सवय नव्हती.

तो म्हणाला, "कासव म्हणजे पाण्याचंच. सोडा."

हळदकुंकू लावलं. डफ वाजला. टोपलीला दोर बांधून कासव विहिरीत उतरवलं.

आता पुढचं सांगताना मी 'असं म्हणतात' असं म्हणणार नाही. हे झालं. आमच्याच पणजोबांच्या पणजोबांनी ते पाहिलं. कासव पाण्यावर आलं, पायांनी पाणी मारत विहिरीच्या भिंतीपाशी गेलं आणि दगड खरवडू लागलं. दगड नवे होते, घडीव होते, कुठं पाय ठरेना. ते घसरायचं, पुन्हा भिंतीशी जायचं. काठावरून लोक वाकून बघत होते. बायका पोरांना कडेवर घेऊन दाखवत होत्या. म्हणत होत्या, "बघ, कसं खेळतंय!" दिवस कलेपर्यंत ते खेळतंय असंच सगळे म्हणत होते. उखर्डूही तिथंच होता. त्याला पहिल्या घटकेतच कळलं होतं. टोपलीचा दोर पुन्हा टाकला असता तर वाचलं असतं. त्यानं दोर टाकला नाही, कारण दोर टाकला की चूक दिसली असती.

दुसऱ्या दिवशी कासव दिसलं नाही. लोक म्हणाले, तळाला जाऊन बसलं.

चौथ्या दिवशी पहाटे उखर्डूची बायको कौतिक पाणी भरायला गेली आणि तशीच रिकाम्या घागरीनं परत आली. नवऱ्याकडं बघितलं फक्त. तो उठला. गाव जागं व्हायच्या आत त्यानं मेलेलं कासव बाहेर काढलं आणि बोरीच्या झाडाखाली पुरलं. कुणी विचारलं की सांगायचा, "आहे की तळाला. कासव काय रोज वर येतं?" गावानं ते मानलं. खरं सांगायचं तर गावालाही आदल्या दिवशीच वास आला होता. पण मानायला सोपं होतं ते मानलं.

असं म्हणतात, त्या दिवसापासून उखर्डूच्या हातांची ओळख गेली. जाळ्याची गाठ बोटांना कळेना. वल्हं धरलंय की सुटलंय ते बघितल्याशिवाय समजेना. चुलीतला निखारा तळव्यावर पडला तरी कातडी करपल्याचा वास आल्यावरच त्याला कळलं. कासव हाती दिलं की तो डोळे मिटायचा आणि त्याला हातात नुसता दगड असल्यासारखं वाटायचं. तरी तो काहीतरी नाव ठोकून द्यायचा. कुणी पडताळून बघत नव्हतं.

वर्ष फिरलं. काठेवाडी पुन्हा आले. नावेतून उतरता उतरता लाखीमानं पहिलं विचारलं ते हेच. "भाई, माझा काचबो कसा आहे?"

उखर्डू म्हणाला, "मजेत आहे, माय. शेतात असतो. गवत खातो."

घाटावर तेव्हा पन्नास माणसं होती. विहिरीवर डफ वाजवणारा होता, हळदकुंकू लावणाऱ्या होत्या. एकानंही तोंड उघडलं नाही. जो तो आपापल्या पायांकडं बघत राहिला.

म्हातारीचा चेहरा उजळला. "मग बरं झालं," ती म्हणाली. "याचं बघ, जोडी तुटल्यापासून खाण्यावर मनच नाही. माझंही आता वय झालं. हे तुझ्याकडंच ठेव. दोघं एकत्र राहतील."

आणि तिनं दुसरं कासव त्याच्या हातात दिलं. त्या हातांना काहीच कळत नव्हतं.

उखर्डूला ते परत करता आलं नाही. परत करायचं तर कारण सांगावं लागलं असतं. त्यानं ते घरी आणलं. पाण्यात घालायचं नाही एवढं आता त्याला कळलं होतं. पण बाकी काय करायचं ते कुठं माहीत होतं? माहीत होती ती नदीची कासवं. म्हणून त्यानं त्याला माठाखालच्या ओल्या, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं आणि खायला बारीक मासे घातले. भात घातला. कासवानं तोंड फिरवलं. महिना गेला. त्याचे डोळे सुजून बंद झाले. नाकाशी बुडबुडे यायला लागले. श्वास घेताना शिट्टीसारखा बारीक आवाज यायचा, आणि तो आवाज सगळ्या झोपडीत ऐकू यायचा.

कौतिक एक दिवस म्हणाली, "तिला विचारून या."

"कुठल्या तोंडानं विचारू?"

"ज्या तोंडानं खोटं बोललात, त्याच तोंडानं."

उखर्डू त्या दिवशी जेवला नाही. सकाळी त्यानं टोपलीत वाळकं गवत घातलं, कासव ठेवलं, टोपली डोक्यावर घेतली आणि गायींच्या खुरांचा माग काढत निघाला. अकरा दिवस चालला. वाटेत ओढा आला की तो टोपली दोन्ही हातांनी डोक्याच्याही वर धरायचा, एक थेंबही उडू द्यायचा नाही. असं म्हणतात, काठेवाड्यांचा तळ जसजसा जवळ येत गेला तसतशी टोपली जड होत गेली. पहिल्या दिवशी तिचं ओझं कासवाएवढं होतं. पाचव्या दिवशी धान्याच्या पोत्याएवढं झालं. अकराव्या दिवशी त्याला वाटलं, आपली नावच कुणी पालथी करून डोक्यावर ठेवलीय. मान वाकली, गुडघे वाकले. तळावरच्या लोकांनी बघितलं तो एक माणूस इवल्याशा टोपलीखाली रांगत येत होता.

लाखीमा गाय पिळून उठत होती. उखर्डूनं टोपली तिच्यापुढं ठेवली आणि म्हणाला, "माय, तू दिलेलं पहिलं कासव मेलं. मी ते विहिरीत सोडलं. तू नको म्हणाली होतीस. मी ऐकलं होतं, तरी सोडलं. घाटावर तुझ्याशी खोटं बोललो."

म्हातारीनं दुधाची चरवी खाली ठेवली. मग तिनं विचारलं, "किती वेळ पोहत होतं?"

"दिवसभर. भिंत खरवडत होतं."

"आणि तुम्ही?"

"बघत होतो," उखर्डू म्हणाला. "खेळतंय असं म्हणत होतो."

लाखीमानं ओढणी तोंडावर ओढून घेतली. ती ओरडली असती, तिनं शिव्या दिल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं तसं काही केलं नाही. ओढणीआडून तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग टोपलीतून ती बारीक शिट्टी आली आणि तिनं ओढणी बाजूला केली.

"हे अजून जिवंत आहे," ती म्हणाली. "रडायचं ते मागाहून. हात धुऊन ये."

उखर्डू तिथं दोन महिने राहिला. आधी तिनं कासव उलटं न करता अलगद उचललं आणि त्याला पाय दाखवले. "हे बघ. चालायचे पाय आहेत हे, पोहायचे नाहीत. पाठ उंच आहे, पाणी कापणारी चपटी नाही. कुठलंही कासव आलं तरी आधी एवढं बघायचं. ते कोण आहे हे कळल्याशिवाय त्याचं काही करायचं नाही." मग तिनं कोरड्या वाळूत, काटेरी झुडपाच्या सावलीला जागा केली, अशी की त्याला ऊन हवं तेव्हा उन्हात येता यावं आणि नको तेव्हा सावलीत जाता यावं. मासा नाही, भात नाही, दूध नाही. गवत, कोवळा पाला, रानातली फुलं, निवडुंगाचं लाल फळ. आणि पाणी? पाणी त्यालाही लागतंच. पसरट मातीच्या थाळीत, त्याच्या हनुवटीखाली राहील इतकंच कोमट पाणी, थोडा वेळ, आणि तेही माणसानं शेजारी बसून. ज्यानं एक पाण्यात मारलं त्यालाच तिनं रोज ते काम दिलं. उखर्डू थाळीशी बसायचा आणि त्याच्या कपाळावर घाम यायचा.

बाविसाव्या दिवशी कासवाचा एक डोळा उघडला. पुढं नाकाचे बुडबुडे थांबले. आणि एक दिवस उखर्डूनं निवडुंगाचं फळ पुढं धरलं तर कासवानं मान लांब केली आणि फळाला चावा घेतला. फळाबरोबर त्याच्या बोटालाही थोडा चिमटा बसला. उखर्डू ओरडला. वर्षाहून जास्त काळानं पहिल्यांदा त्याच्या हाताला काही कळलं होतं. असं म्हणतात, तो तसाच बसून फळाचा चिकट रस, वाळूचा कण न कण आणि बोटातून आलेलं रक्त चाचपत राहिला, आणि खूप रडला.

निघताना तो म्हातारीच्या पाया पडला. "माय, मला माफ कर."

लाखीमा म्हणाली, "मी कोण माफ करणारी? मी काही भिंत खरवडत नव्हते." मग म्हणाली, "लोक तुझ्याकडं कासवं आणतील. तू ओळखून सांग, सांभाळायचं कसं तेही सांग. पण दर वेळी आधी तुझं सांग. ते सांगितल्याशिवाय दुसऱ्याला एक अक्षर शिकवायचं नाही."

उखर्डू गावी आला तो थेट विहिरीवर गेला. पाणी भरायची वेळ होती. सगळ्यांसमोर त्यानं सांगितलं. काही जण चिडले, म्हणाले, "आता उकरून काय उपयोग?" काही घागरी तशाच टाकून घरी गेले. डफवाला मात्र पुढं आला आणि म्हणाला, "डफ माझा होता." मग एक बाई म्हणाली, "पोराला कडेवर घेऊन मीच दाखवलं." मग आणखी एक जण बोलला. आणि त्या दिवशी गावात कुणाच्या घरी चूल नीट पेटली नाही.

पुढं त्याची कीर्ती फार लांब गेली. असं म्हणतात, आठ दिवसांच्या वाटेवरून लोक टोपल्या घेऊन यायचे. तो पाय बघायचा, पाठ बघायचा, पोटाखालून बोट फिरवायचा आणि सांगायचा, हे डोहाचं, याला खोल पाणी दे आणि ऊन खायला वर यायला दगड दे. हे चिखलाचं, याला मऊ गाळ लागतो. हे तुझं नव्हेच, जिथून उचललंस तिथं नेऊन सोड. पण दर वेळी आधी तो म्हणायचा, "मी एक बुडवलंय. आता दाखव." त्याचं कासव गोठ्याच्या उन्हाच्या बाजूला फिरत असायचं. असं म्हणतात, ते इतकं जगलं की उखर्डूच्या नातवाच्या नातवानं त्याला पाला घातला.

एकदा वरच्या अंगाच्या जहागीरदाराचं बोलावणं आलं. त्याच्याकडं एक कासव होतं. त्यानं ते गालिच्यावर ठेवलं होतं, गळ्याशी मोत्याचा सर होता, खायला पेढे होते. आणि कासव सुकत चाललं होतं, पाठीची सालं निघत होती. दरबार भरला. उखर्डू उभा राहिला आणि म्हणाला, "मी एक कासव विहिरीत बुडवलंय."

कारभारी म्हणाला, "ते राहू दे. इथं आलास कशाला? कासवाचं बोल."

"हे कासवाचंच आहे," उखर्डू म्हणाला. "आधी हे, मग ते."

आणि भरल्या दरबारात त्यानं सगळं सांगितलं, हसण्यापासून दोर न टाकण्यापर्यंत. मानकरी तोंडावर उपरणं धरून हसले. उखर्डूचे कान लाल झाले, आवाज कापत होता. इतक्या वर्षांनीही कापत होता. सांगून झाल्यावर त्यानं कासव उचललं. "हे नदीचं आहे, सरकार. पायांत पडदा आहे बघा. मी पाण्यात मारलं, तुम्ही कोरडं मारताय."

मानकऱ्यांनी उपरणी खाली घेतली. कुणाला वाटलं, आता या भोयाचं काही खरं नाही. जहागीरदार गालिच्याकडं बघत बसला. मग हळूच म्हणाला, "सहा महिन्यांपूर्वी हा पाण्याच्या आवाजाकडं तोंड करून बसायचा. मला तेव्हाच वाटलं होतं. पण सगळे म्हणत होते, किती छान दिसतो." तो उठला, मोत्याचा सर त्यानं स्वतः काढला, आणि कुणाला हात लावू न देता कासव घेऊन अनवाणी नदीवर गेला. असं म्हणतात, कासव पाण्यात शिरल्यावर नदीला घटकाभर उलटी लाट आली आणि जहागीरदाराचे पाय धुऊन गेली.

उखर्डू म्हातारा होऊन गेला. गावाला त्याची समाधी बांधायची होती. त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, दगड उभा करायचा नाही, आपलं नाव घ्यायचं तर चुकीसकट घ्यायचं.

तसंच चालत आलंय. दर चैत्रात आमच्या विहिरीचा गाळ काढतात. पहिली पाटी वर आली की भोईआळीतलं सगळ्यात वडीलधारं माणूस काठावर उभं राहून म्हणतं, "आमच्या उखर्डूनं एक कासव बुडवलं." आणि सगळं गाव खाली बघून म्हणतं, "आम्ही बघत होतो." सासरी आलेल्या नव्या सुनाही म्हणतात, पोरंही म्हणतात. विहिरीत आत उतरायला आता दगडी पायऱ्या आहेत, पाण्याच्या कडेनं बसका उतार आहे. त्या उतारावर बेडूक येतात, सरडे येतात, पडलेलं मांजराचं पिलूही एकदा आपलं आपण वर आलं.

आता कासव घरात ठेवायला कायद्यानंच बंदी आहे. तरी लोक कुठून कुठून विकत आणतात आणि जमेनासं झालं की आमच्या गावाचं नाव ऐकून इकडं येतात. आम्ही वनखात्याला फोन करतो. त्यांची गाडी येईपर्यंत पाय बघतो, पाठ बघतो, सावली देतो.

गेल्या उन्हाळ्यात शहरातून एक बाई आली. मोठ्या गाडीतून उतरली, हातात काचेची पेटी, पेटीवर टॉवेल टाकलेला. म्हणाली, "हे माझ्या मैत्रिणीचं आहे. मला काही माहीत नाही." आम्ही काही विचारलं नाही. भोईआळीतल्या वडीलधाऱ्या शेवंताआजीनं तिला सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि रीतीप्रमाणं म्हणाली, "बाई, आमच्या उखर्डूनं एक कासव बुडवलं. आम्ही बघत होतो."

बाईनं हातातलं पाणी खाली ठेवलं. मग तिनं टॉवेल काढला. पेटीत वीतभर पाणी होतं आणि एका कोपऱ्यात, मान वर ताणून, चांदण्यांचं कासव उभं होतं.

"माझंच आहे," ती म्हणाली. "तीन वर्षं झाली."

आजीनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि पेटी कलती करून आतलं पाणी ओतून दिलं.